सलाइनवरचं खातं

येत्या ऑगस्टला इंग्लंडमधलं लीड्स सोडून चार वर्षं होतील. तिथे आठ वर्षं मी एनएचएसच्या, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या, रुग्णालयात हाडांच्या वॉर्डात नर्स होते. परत येताना गाडी विकली, सोफा फुकट दिला, थंडीचे कोट वाटून टाकले. मागे ठेवलं ते फक्त बँकेतलं खातं. खरं तर दोन खाती. एक जुन्या, रस्त्यावर शाखा असलेल्या बँकेतलं, २०१४ साली पहिल्या पगारासाठी उघडलेलं. दुसरं नुसत्या मोबाइलवर चालणाऱ्या बँकेतलं. ते २०१८ मध्ये उघडलं, कारण सगळ्या वॉर्डने उघडलं होतं. आज त्यातलं एक जिवंत आहे, एक गेलं. कोणतं जगेल याचा माझा अंदाज साफ उलटा होता, म्हणून हे लिहायला घेतलं.

बँकांची नावं मुद्दाम लिहीत नाही. परदेशी पत्ता असलेला ग्राहक ठेवायचा की नाही, हे प्रत्येक बँक स्वतः ठरवते आणि मनात आलं की बदलतेही. २०२० मध्ये ब्रेक्झिटच्या तोंडावर कितीतरी ब्रिटिश बँकांनी युरोपात राहणाऱ्या आपल्याच ब्रिटिश ग्राहकांना खाती बंद करतो म्हणून पत्रं धाडली होती. तिथे आपली काय कथा! आज मी जिचं कौतुक करीन ती उद्या तुम्हाला वाटेला लावेल.

आधी खातं ठेवायचंच कशाला, ते सांगते. नवऱ्याचं म्हणणं होतं, "बंद करून टाक, कशाला ते लटांबर." मी निघाले ऑगस्टअखेर. ब्रिटनचं करवर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल. १२,५७० पौंडांपर्यंतच्या उत्पन्नाला कर नाही, पण पगारातून कर कापताना ही सूट बारा महिन्यांत विभागून देतात. मी पाचच पगार घेतले, म्हणजे सात महिन्यांची सूट वाया गेलेली. पी-८५ नावाचा फॉर्म भरला की ती परत मागता येते. मला साडेचौदाशे पौंडांच्या आसपास मिळाले, आणि तेही इकडे आल्यावर. घरमालकाकडची अनामतही नंतरच आली. ती तिथल्या कायद्याने सरकारमान्य योजनेत ठेवलेली असते, पण गालिच्यावरच्या एका डागावरून मालक दोन आठवडे अडून बसला होता. मग कौन्सिल टॅक्सचे, म्हणजे तिथल्या घरपट्टीचे, जास्तीचे पैसे, विजेच्या बिलाचे उरलेले बावीस पौंड. हे सगळं ब्रिटिश खात्यात गुपचूप येऊन पडलं. पौंडातला चेक हातात आला असता तर तो वटवायला मी दारोदार फिरले असते.

शिवाय माझा एनएमसीचा पिन, म्हणजे तिथल्या नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक. नर्सेसना सांगायला नको, इतरांसाठी सांगते: ब्रिटनमध्ये नर्स म्हणून काम करायचं तर या कौन्सिलची नोंदणी चालू असावी लागते. वर्षाला १२० पौंड, किंवा दर तिमाहीला ३० पौंड डायरेक्ट डेबिटने, म्हणजे खात्यातून आपोआप कापून. इतक्या कष्टाने मिळवलेली नोंदणी मला सोडवत नाही. उद्या परत जाईन की नाही माहीत नाही, पण दार लोटलेलं असावं, कडी लागलेली नसावी.

आणि तिथलं सरकारी पेन्शन. कमीत कमी दहा वर्षं भरल्याशिवाय त्यातला एक पेनीही मिळत नाही. मोजून पाहिलं तर माझी करवर्षं भरत होती नऊ! हातात एनआयचा (नॅशनल इन्शुरन्स, पेन्शनसाठी भरायचा हप्ता) रेकॉर्ड घेऊन मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले. तेव्हा परदेशात नोकरी करणाऱ्याला एनआयचा क्लास २ नावाचा स्वस्त हप्ता भरता यायचा. २०२३-२४ चा दर आठवड्याला ३.४५ पौंड, म्हणजे वर्षाचे १७९ पौंड ४० पेन्स. तेवढ्यावर दहावं वर्ष पुरं झालं. पूर्ण पेन्शन पस्तीस वर्षांचं, माझ्या वाट्याला त्याचे पस्तीसातले दहा भाग येणार. शिवाय भारतात राहणाऱ्याचं पेन्शन सुरू झालं त्या आकड्यावर गोठतं, दर वर्षीची वाढ मिळत नाही. तरीही १८० पौंडांत आयुष्यात याहून बरी खरेदी मी केलेली नाही. ६ एप्रिल २०२६ पासून परदेशातून क्लास २ भरायची सोय बंद झाली आहे, तेव्हा आता माझं बघून कुणी धावू नका. पुढे पेन्शन थेट भारतातल्या खात्यातही घेता येतं, त्यासाठी ब्रिटिश खातं लागतंच असं नाही. हप्ता मात्र मी जुन्या खात्यातून पाच मिनिटांत भरला.

आता बँकांकडे वळते.

मोबाइलवरची बँक म्हणजे गोड बोलणारा माणूस. खर्च केला की लगेच फोन टिणटिणतो, महिनाअखेर रंगीत चित्र काढून दाखवतो की तू चहावर किती उडवलेस. मला वाटलं, शाखाच नाही तर मी लीड्समध्ये असले काय आणि इकडे असले काय, हिला काय फरक पडतो? म्हणून निघताना हिला काही सांगितलंच नाही. केरळची एक मैत्रीण शेजारच्या वॉर्डात होती, तिचा पत्ता देऊन ठेवला. एनएमसीचं डायरेक्ट डेबिटही हिच्यावरच होतं. दीड वर्ष सगळं छान चाललं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये माझा फोन हातातून पडला तो कायमचा. नव्या फोनवर ॲप घातलं तर म्हणे चेहऱ्याचा व्हिडिओ काढा, हे वाक्य बोला. बोलले. मग म्हणे राहत्या पत्त्याचा पुरावा द्या, तीन महिन्यांच्या आतला, ब्रिटनमधला. मैत्रिणीच्या घरचं बिल माझ्या नावावर कसं असेल? आणि एव्हाना तिनेही घर बदललं होतं. माझी पत्रं कुणा तिऱ्हाइताच्या दारात पडत होती, बँकेची पत्रं, माझ्या नावाची! या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी चॅटमध्ये खरं काय ते लिहून टाकलं.

वीस मिनिटांत उत्तर आलं. कळवल्याबद्दल आभार, तुम्ही ब्रिटनच्या रहिवासी नसल्याने खातं चालू ठेवता येणार नाही, ही दोन महिन्यांची नोटीस. भाषा इतकी नम्र की रागावताही येईना. दोन महिने तिथल्या कायद्याने तेव्हा द्यावेच लागत. २८ एप्रिल २०२६ पासून उघडलेल्या खात्यांना ही मुदत ९० दिवसांची झाली आहे. शिल्लक ४१२ पौंड होती. ती कुठे पाठवायची तर माझ्याच नावाच्या ब्रिटिश खात्यात. ज्याच्याकडे दुसरं खातं नसेल त्याने काय करायचं, हे मी विचारलं. उत्तरादाखल मदत केंद्राच्या पानाचा दुवा आला.

पैसे जुन्या बँकेत गेले, मी निश्चिंत. आणि खातं मिटायला सहा दिवस उरले असताना रात्री भांडी घासता घासता आठवलं, एनएमसी! डायरेक्ट डेबिट मेलेल्या खात्यावर गेलं असतं, फी चुकली असती आणि नोंदणी रद्द. पुन्हा नोंदणी म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा कागद, पुन्हा आठवड्यांची वाट. ओल्या हातांनीच फोन उघडला आणि जुन्या बँकेचा सहा आकडी सॉर्ट कोड (शाखेचा क्रमांक) आणि आठ आकडी खाते क्रमांक टाकला. वॉर्डात औषध चुकता चुकता वाचलं की पाय लटपटतात, तसं झालं.

चूक त्या बँकेची म्हणवत नाही. नियमाप्रमाणे वागली, पैसे पेनीसुद्धा न कापता दिले. पण सोय म्हणून मी ज्याच्यावर विसंबले होते ते सगळं एका फोनच्या काचेवर उभं होतं. काच फुटली, खातं गेलं.

जुनी बँक याच्या अगदी उलट. तिचं ॲप बघून कुणाला प्रेम वाटणार नाही. पण निघायच्या आठवड्यात मी शाखेत गेले होते. चष्मा नाकाच्या टोकावर असलेल्या एक बाई होत्या, टाइप करायच्या एका बोटाने. मी म्हटलं, मी कायमची परत चालले आहे, खातं ठेवता येईल का? त्यांनी काहीतरी वाचलं, परत वाचलं आणि बोटांवर मोजून सांगितलं: ओव्हरड्राफ्ट जाईल, क्रेडिट कार्ड जाईल, नवं काही उघडता येणार नाही, साधं चालू खातं आणि त्याला जोडलेलं बचत खातं राहील. मग भारतातला पत्ता घातला. माझा पत्ता त्यांच्या चौकटीत मावेना. "अमक्याच्या मागे, तमक्याच्या समोर" हे लिहायचंच का, असं त्यांनी दोनदा विचारलं. लिहा म्हटलं, नाहीतर पोस्टमन येणार नाही.

नंतर घरी एक फॉर्म आला: तुम्ही कोणत्या देशाच्या करदात्या आहात ते स्वतः लिहून द्या. मी पॅन क्रमांक घातला. यात घाबरण्यासारखं काही नाही. भारत आणि ब्रिटन २०१७ पासून एकमेकांना अशा खात्यांची माहिती आपणहून देतातच. लपवायचं ठरवलं तरी लपत नाही.

त्या बाईंनी निघताना आणखी एक काम केलं. ड्रॉवर उघडून दोन कार्ड रीडर काढले. "एक जास्तीचा घेऊन जा, तिकडे कुठे मिळणार?"

कार्ड रीडर म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: स्वस्तातला कॅल्क्युलेटर असतो तसं तळहाताएवढं प्लास्टिकचं डबडं. डेबिट कार्ड खालून खोचायचं, बटण दाबायचं, पिन टाकायचा, पडद्यावर आठ आकडे येतात. ते संगणकावर टाकले की बँक तुम्हाला ओळखते. त्याला ना सिम लागतं, ना इंटरनेट, ना चार्जर. लीड्समध्ये आम्ही याची चेष्टा करायचो. इकडे आल्यावर त्याची किंमत कळली, कारण ब्रिटिश सिमवर येणारा ओटीपी हा निव्वळ नशिबाचा खेळ आहे. कधी लगेच येतो, कधी दुसऱ्या दिवशी तीन एकदम येतात. ते सिमही जगवावं लागतं. माझ्या कंपनीचा नियम असा की सहा महिन्यांतून एकदा तरी पैसे पडतील असा वापर हवा, नाहीतर नंबर जातो. म्हणून मी दिवाळीत आणि मे महिन्यात मैत्रिणीला त्या नंबरवरून एक मेसेज पाठवते. तिला वाटतं मी फार प्रेमळ आहे.

जुन्या बँकेचंही सगळं सरळ नव्हतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये कार्डाची मुदत संपली. नवं कार्ड साध्या पोस्टाने निघालं ते आजतागायत पोचलेलं नाही. कार्ड नाही म्हणजे रीडर नुसतं डबडं. फोन केला. ब्रिटनमध्ये सकाळचे आठ वाजलेत असं बघून लावला, तरी पन्नास मिनिटं संगीत ऐकलं. मग एक तरुण आवाज आला, ओळख पटवायला.

"तुमचा शेवटचा व्यवहार सांगाल?"

"नाही."

"आठवत नाही का?"

"आठवतंय. काहीच केलेलं नाही. मार्चपासून."

तो गप्प. त्याच्या यादीत या उत्तराला खण नसावा. "मग या खात्यावरचं एखादं डायरेक्ट डेबिट?" तेही तेव्हा नव्हतं, दुसऱ्या बँकेत होतं. मी म्हणजे मीच हे सिद्ध करायला माझ्याकडे काहीही नव्हतं. बेशुद्ध पेशंटला नाव विचारल्यासारखी गत. शेवटी त्याने विचारलं, खातं कुठल्या शाखेत उघडलं, साधारण कधी? हे मला झोपेतही सांगता येतं. पहिल्या पगाराचा महिना, शाखेचा रस्ता, समोरचा बसथांबा, सगळं सांगितलं. तो हसला, म्हणाला बसथांबा नको, पुरे.

कार्ड तेविसाव्या दिवशी आलं, पिन जुनाच. पहिलं हरवल्याची लेखी तक्रार मी केली होती, ती भांडायला म्हणून नव्हे, नोंद राहावी म्हणून. तिथे बँकेला तक्रारीचं अंतिम उत्तर द्यायला आठ आठवडे असतात. नाही दिलं किंवा पटलं नाही तर फायनान्शियल ओम्बड्समनकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या लवादाकडे, फुकट जाता येतं, परदेशात राहूनसुद्धा. तितकी वेळ आली नाही. माफीचं पत्र आलं आणि फोनच्या खर्चापोटी ४० पौंड जमा झाले. खात्यात मार्चनंतरची ती एकमेव हालचाल!

त्या फोनवरच्या मुलाने जाता जाता एक कामाची गोष्ट सांगितली. बराच काळ हालचाल नसली की बँक खात्याला निष्क्रिय ठरवते, मग ते उठवायला पुन्हा कागदपत्रं. पैसे बुडत नाहीत. २००८ च्या कायद्याने पंधरा वर्षं बेवारस राहिलेल्या खात्यातली रक्कम बँका समाजकार्याच्या निधीकडे वळवू शकतात, पण मालक पुढे केव्हाही उगवला तर त्याला त्याचे पैसे परत मिळतात. मला मात्र पंधरा महिन्यांचीही जोखीम नको होती. तेव्हापासून दर महिन्याला दोन पौंड तिथल्याच माझ्या बचत खात्यात जातात. हे आपोआप जाणारे पैसे बँक हालचाल म्हणून धरेलच असं नाही, असं तो म्हणाला, म्हणून तिमाहीला एकदा मी स्वतः लॉगिन करते आणि पाच पौंड इकडून तिकडे, तिकडून इकडे करते. सलाइन बदलायची वेळ लिहून ठेवतात तसं कॅलेंडरवर लिहिलेलं आहे.

भारताच्या बाजूचं थोडक्यात. खातं ठेवणं बेकायदा आहे का, हा प्रश्न मला निदान दहा जणींनी विचारला. नाही. परदेशात राहत असताना कमावलेलं तिथेच ठेवायला फेमा या परकीय चलनाच्या कायद्याचं कलम ६(४) परवानगी देतं. पण परत आल्यावर पहिली दोन-तीन वर्षं सरली आणि तुम्ही पूर्ण रहिवासी ठरलात, की आयकर विवरणात शेड्यूल एफए हा परदेशी मालमत्तेचा तक्ता भरावा लागतो, आणि त्यासाठी साधा आयटीआर-१ चालत नाही. गंमत म्हणजे तिथे आपलं आर्थिक वर्ष नाही, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर धरतात. खात्यात दोनशे पौंड असले तरी भरायचं. लपवल्यास दहा लाखांचा दंड आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून बाकी परदेशी मालमत्ता वीस लाखांच्या आत असेल तर तो दंड लागत नाही, पण म्हणून रकाना कोरा ठेवायचा नाही. माझ्या सीएने यासाठी जादा फी घेतली आणि सगळी माहिती मलाच भरायला लावली, तो विषय वेगळा.

बँकेने मध्यंतरी पत्र पाठवून ब्रिटनच्या छत्राखालच्या पण वेगळे नियम असलेल्या जर्सी बेटावरचं आंतरराष्ट्रीय खातं सुचवलं होतं. नाव भारदस्त, पण त्यात जेवढी शिल्लक ठेवायची तेवढे पैसे असते तर मी नाइट ड्यूट्या कशाला केल्या असत्या! शिवाय मुख्य ब्रिटनमधल्या बँकेतल्या ठेवीला आता १ डिसेंबर २०२५ पासून १,२०,००० पौंडांपर्यंत हमी आहे, तुम्ही कुठेही राहत असा. जर्सीची हमी ५०,००० ची. पत्र रद्दीत गेलं.

तारे द्यायचेच तर मोबाइलवरच्या बँकेला पाचात दोन: लीड्समध्ये राहत असते तर साडेचार दिले असते. जुनीला चार. एक कापला तो पन्नास मिनिटांच्या संगीताचा आणि त्या हरवलेल्या कार्डाचा. आणि त्या एका बोटाने टाइप करणाऱ्या बाईंना वेगळे पाच, पण ते पोचवायचे कुठे? ती शाखा २०२४ मध्ये बंद झाली, मैत्रिणीने फोटो पाठवला, आता तिथे नखं रंगवायचं दुकान आहे.

येत्या नोव्हेंबरात कार्डाची मुदत पुन्हा संपते. या खेपेला ऑगस्टपासूनच पत्ता तपासून ठेवणार आहे आणि पोस्टमनलाही सांगून ठेवणार आहे. काल कोड काढला तेव्हा रीडरच्या पडद्यावरचे आकडे फिके दिसले, ३ आहे की ८ ते कळायला खिडकीपाशी न्यावा लागला. दुसरा अजून पाकिटात आहे, न फोडलेला.